काठी पुढं, बँड मागं

भद्रकालीत, दूध बाजाराच्या अलीकडं, आमच्या कापडाच्या दुकानासमोर एक अरुंद गाळा होता. त्याच्यावर पाटी होती : न्यू गुलबहार ब्रास बँड. जुना गुलबहार बँड कधीच नव्हता. अकबरचाचांनी पाटी रंगवायला दिली तेव्हा रंगाऱ्यानं सांगितलं, नुसतं ‘गुलबहार’ लिहिलं तर डाव्या अंगाला जागा रिकामी दिसेल. म्हणून ‘न्यू’ आलं आणि राहिलं.

अकबरचाचा क्लॅरिनेट वाजवायचे. लग्नाच्या मिरवणुकीत ते ना पुढं असत ना मागं. बँडच्या मधोमध कुठंतरी असत, आणि यातला मास्तर कोण हे पाहुण्यांना शेवटपर्यंत कळत नसे. त्यांचा मुलगा नियाज, त्याला हे लहानपणापासून खटकायचं. आपल्या बापाला कुणी ओळखत नाही, नारळ द्यायची वेळ आली की यजमान भलत्याच वाजंत्र्याच्या हातात ठेवतो, आणि बाप हसतो. नियाजनंही क्लॅरिनेट शिकायला घेतलं होतं, हात बरा होता. पण बहात्तर साली, दुष्काळामुळं लग्नं कमी आणि रिकामा वेळ भरपूर असताना, तो होळकर पुलावर सायकलवरून पडला आणि पुढचे दोन दात गेले. क्लॅरिनेट वाजतं ते दातांच्या जोरावर. पुढच्याच वर्षी अकबरचाचाही गेले. अशा रीतीनं, काहीही वाजवता न येणारा माणूस एका बँडचा मालक झाला.

वाद्यं विकून टाक, असं नातेवाइकांनी सुचवून पाहिलं. नियाजनं विकली नाहीत. त्याच सुमाराला त्यानं देवळाली कॅम्पात लष्कराचा बँड पाहिला होता. सगळ्यांच्या पुढं एक उंच जवान, हातात गोळ्याची काठी, नजर समोर. तो काहीच वाजवत नव्हता, आणि तरी सगळे त्याच्याकडंच बघत होते. नियाजला आपली जागा दिसली. कॅम्पातल्या एका चहाच्या टपरीवर त्यानं एक निवृत्त हवालदार गाठला आणि त्याला विचारलं की पुढं चालणाऱ्यानं नेमकं काय करायचं असतं. हवालदारानं दोन चहा प्यायले आणि एकच गोष्ट सांगितली : पुढच्यानं मागं वळून बघितलं की मागचे डगमगतात. पुढारी म्हणून नियाजचं शिक्षण तिथं सुरू झालं आणि तिथंच संपलं.

तांबट लेनमधल्या कारागिराकडून त्यानं तांब्याचा गोळा घडवून घेतला आणि शिसवी काठीवर बसवला. त्याच्या बायकोनं, आबिदानं, घरच्या मशीनवर लाल कोट शिवला, खांद्यावर सोनेरी झुपके लावले. कोट अंगात आला त्या दिवसापासून सगळ्या गल्लीनं त्याला ‘मास्तर’ म्हणून अहो-जाहो सुरू केलं. मीही इथून पुढं तेच करतो.

मास्तरांनी बँडला शिस्त लावायला घेतली. पावलाला पाऊल जुळलं पाहिजे, काठी वर गेली की गाणं बदललं पाहिजे, खाली आली की थांबलं पाहिजे. ज्याचं चुकेल त्याला दुसऱ्या दिवशी बँडच्या दुकानासमोर उभं करून गल्लीदेखत ते गाणं पुन्हा वाजवायला लावायचं. गल्लीला ही शिक्षा फार आवडली. माझे वडील तर गिऱ्हाईक नसलं की विचारायचे, आज कुणाची पाळी. सगळ्यात जास्त पाळ्या सावळीरामच्या आणि सहादूच्या यायच्या. सावळीराम अकबरचाचांच्या वेळचा म्हातारा, मोठा भोंगा वाजवायचा. त्याचा सूर अर्ध्यातच तुटायचा. सहादू एरवी बाजारात हमाली करायचा आणि लग्नसराईत मोठा ढोल वाजवायचा. तो मास्तरांच्या मते ढोल फार जोरात बडवायचा आणि भोंग्याला दाबून टाकायचा. तिसरा जयराम, ट्रम्पेटवाला. तो चांगला वाजवायचा, पण मास्तरांना त्याच्या तोंडावर कायम एक हसू दिसायचं, आणि त्या हसण्याबद्दलही त्याला दोनदा दुकानासमोर उभं राहावं लागलं.

खरी गोष्ट अशी होती की काठीकडं कुणीच बघत नव्हतं. सुरुवातीच्या एक-दोन लग्नांत त्यांनी बघून पाहिलं होतं. मास्तरांचा हात तालात नव्हता. काठी बघितली की पाऊल चुकायचं आणि पाऊल चुकलं की गाणं. मग सहादूनं ढोलाच्या कडेवर काडी दोनदा टिचकवायची आणि सगळ्यांनी गाणं बदलायचं, अशी सोय त्यांनी आपापसात करून घेतली. काठी वर गेलेली दिसली की सहादू जरा थांबून टिचकवायचा, म्हणजे मास्तरांना वाटे, बदललं. गाणं कोणतं, ते जयराम नाचणाऱ्यांचे चेहरे बघून ठरवायचा. बँड उत्तम चालला होता. लोक मास्तरांना नारळ देत होते, फेटा बांधत होते, मांडवात पहिल्या पंगतीला बसवत होते. मास्तर मागं वळून बघत नव्हते, त्यामुळं त्यांना या सगळ्याचं एकच कारण दिसत होतं.

हे असं पाच-सहा वर्षं चाललं.

एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात चांदवडला गोरज मुहूर्ताचं लग्न होतं. नवरदेव मारुतीच्या देवळातून निघाला, घोड्यावर बसला, आणि बाजारपेठेतून मांडवाकडं मिरवणूक चालू झाली. सगळ्यात पुढं मास्तर, मागं बँड, त्यामागं नाचणारी पोरं आणि घोडा. बाजाराच्या मधोमध कांद्याचा एक ट्रक मागचा आस मोडून आडवा बसला होता. माणूस कडेनं निघाला असता, घोडा निघाला नसता. नवरीचा मामा धावत आला आणि त्यानं सहादूला सांगितलं, डावीकडच्या बोळानं घ्या, मागच्या अंगानं मांडवात निघतो. सहादूनं काडी टिचकवली. बँड वळला, पोरं वळली, घोडा वळला.

मास्तर ट्रकच्या कडेनं सरळ पुढं गेले.

आता इतका मोठा बँड मागून नाहीसा झाला आणि माणसाला कळलं नाही, हे पटत नाही. मलाही पटलं नव्हतं. पण त्या दिवशी चांदवडला दुसरंही एक लग्न होतं, आणि त्या लग्नाचा बँड ट्रकच्या पलीकडं बाजूच्या गल्लीतून बाहेर पडून नेमका मास्तरांच्या मागं लागला. त्या साली सगळे बँड एकच गाणं वाजवत होते. मास्तरांना मधे क्षणभर आवाज दबल्यासारखा वाटला. ट्रकमुळं असेल असं त्यांनी धरलं. मग आवाज पुन्हा भरून आला, आणि पहिल्यापेक्षा चांगला आला. भोंगा तुटत नव्हता. ढोल बेताचा होता. त्यांनी काठी वर केली आणि काय नवल, त्याच क्षणी गाणं बदललं. पुन्हा वर केली, पुन्हा बदललं. मास्तरांनी मला पुढं कधीतरी सांगितलं की त्या संध्याकाळी त्यांना वडिलांची आठवण आली. अब्बांनी हे बघायला पाहिजे होतं, असं त्यांना वाटलं, आणि डोळे भरून आले, आणि तरी त्यांनी मागं बघितलं नाही.

मांडव आला. मास्तर दारात बाजूला झाले, काठी खाली आणली, संगीत थांबलं. कुणीतरी त्यांच्या हातात सरबत दिलं. मग एक जाडसर गृहस्थ क्लॅरिनेट काखेत धरून पुढं आले आणि फार अदबीनं म्हणाले, "आपण फार छान चाललात. आपली माणसं कुठंयत?"

मास्तरांनी वळून बघितलं. निळ्या कोटातली वीसेक माणसं त्यांच्याकडं बघत उभी होती. त्यातलं एकही त्यांचं नव्हतं.

"येतायत मागून," मास्तर म्हणाले, आणि सरबत संपवलं.

आपल्या मांडवात ते पोचले तेव्हा मंगलाष्टकं चालू होती. घोडा बाजूला बांधला होता, वाजंत्री भिंतीला टेकून बसली होती. सगळं वेळेवर आणि नीट झालं होतं. नवरीचा बाप दिसला, त्यानं हात जोडले आणि बँड झकास वाजला म्हणून सांगितलं. त्याच्या लक्षातही आलं नव्हतं. मास्तरांना वाटलं होतं, आता आपली माणसं हसतील. कुणी हसलं नाही. जयरामच्या तोंडावरचं नेहमीचं हसूसुद्धा त्या दिवशी नव्हतं. सकाळच्या एसटीनं सगळे नाशिकला परत आले आणि सबंध रस्ताभर त्यांनी कांद्याच्या भावाविषयी गप्पा मारल्या, ज्यातलं त्यांच्यापैकी कुणालाही काही कळत नव्हतं. एवढी काळजी माणसं लहान पोराची घेतात किंवा वेड्याची.

घरी आल्यावर दोन दिवसांनी मास्तरांनी आबिदाला विचारलं की तुला ठाऊक होतं का. आबिदा वाजंत्र्यांच्या कोटांची बटणं लावून द्यायची, त्यामुळं तिच्या ओट्यावर सगळ्यांची ये-जा होती. तिनं मशीन थांबवलं नाही. काठीकडं कुणी बघत नाही हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे, असं तिनं सांगितलं, समोरच्या कापडवाल्यांनासुद्धा. मास्तर म्हणाले, मग मी इतकी वर्षं काय करत होतो. त्यावर तिनं मशीन थांबवलं.

"अपना बँड तुमने कभी सुना है क्या?" ती म्हणाली.

त्यांनी ऐकला नव्हता. पुढं चालणाऱ्याला नीट ऐकू येतं ते फक्त जयरामचं ट्रम्पेट, आणि तेही एका कानानं. बाकीच्यांच्या नुसत्या चुका.

पुढच्या हिवाळ्यात दिंडोरीला लग्न होतं तेव्हा मास्तरांनी ताप आल्याचं सांगितलं. बँड गेल्यावर दुसऱ्या एसटीनं ते स्वतः गेले. साधा सदरा, डोक्याला टॉवेल. कोट नसला की त्यांना कुणी ओळखत नाही हा शोध त्यांना स्टँडवरच लागला. मिरवणुकीत ते घोड्याच्याही मागं, बायकांच्या घोळक्याच्या कडेनं चालले, आणि आयुष्यात पहिल्यांदा न्यू गुलबहार ब्रास बँड त्यांनी शांतपणे ऐकला.

पहिली गोष्ट त्यांच्या ध्यानात आली ती ढोलाची. ढोल मध्येच जोरात होत होता, पण उगाच नाही. सावळीरामला दम लागून भोंगा तुटायला आला की त्याच वेळी सहादू घुमारा वाढवायचा आणि भोंग्याची जागा भरून काढायचा. सावळीरामनं श्वास घेतला की ढोल पुन्हा खाली. नाचणाऱ्या पोरांना यातलं काही कळत नव्हतं. मास्तरांना कळलं, कारण शेवटी ते अकबरचाचांचे चिरंजीव होते. ज्या गोष्टीसाठी त्यांनी दोघांना वर्षानुवर्षं दुकानासमोर उभं केलं होतं, ती चूक नव्हती. ती एका माणसानं दुसऱ्याची अब्रू झाकायची रीत होती.

दुसरी गोष्ट जेवणाच्या वेळी दिसली. मांडवात पंगती बसल्या आणि बँड कुठं दिसेना. मास्तर शोधत शोधत घराच्या मागच्या अंगाला गेले. गोठ्याच्या कडेला, शेण जरा बाजूला सारून, त्यांची माणसं पत्रावळ्या घेऊन बसली होती. वाढणारा कमरेत वाकत नव्हता. उभ्यानंच वरून पोळी सोडत होता. मास्तर इतकी वर्षं मांडवात पहिल्या पंगतीला जेवले होते. आपली माणसं कुठं जेवतात, हे त्यांनी कधी बघितलं नव्हतं, कारण बघायचं तर वळावं लागलं असतं.

सहादूनं त्यांना पाहिलं. तो दचकला नाही, काही विचारलंही नाही. नुसता जरा सरकला आणि बसायला जागा केली. मास्तर बसले.

"नेहमी असंच?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाय मास्तर," सहादू म्हणाला. "कधी कधी गोठाबी नसतो."

इथं एखाद्याला वाटेल की माणूस सुधारला. मास्तरांनाही तसंच वाटलं, आणि पुढची सगळी भानगड त्यातून झाली.

परतल्यावर त्यांनी सगळ्यांना बोलावलं आणि माफी मागायचं ठरवलं. पण जिथं शिक्षा दिली तिथंच माफी मागितली पाहिजे असा त्यांचा आग्रह, म्हणून दुकानासमोर, गल्लीदेखत. आम्ही सगळे जमलो. मास्तर चांगलं बोलले. त्यांनी आपलं अज्ञान सांगितलं, आपला गर्व सांगितला, आणि मग सहादूकडं हात करून अभिमानानं सांगितलं की हा माणूस किती वर्षं सावळीरामचा तुटका दम आपल्या ढोलानं झाकत आला आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सावळीराम खाली मान घालून उभा होता. त्याचा दम गेला हे आजवर बँडला ठाऊक होतं. आता ते भद्रकालीला ठाऊक झालं. दुसऱ्या दिवसापासून तो यायचा थांबला. मास्तरांना कळेना की एवढी मोठ्या मनानं माफी मागूनही म्हातारा का रुसला. शेवटी आबिदा त्याच्या घरी जाऊन आली, तेव्हा तो परत आला.

मग मास्तरांनी दुसरा उपाय काढला : सगळ्यांना विचारून करायचं. कोणतं गाणं, कोणत्या रस्त्यानं, टोप्या घालायच्या की नाही. आधी दुकानात बैठक, मग मिरवणुकीच्या आधी बैठक. जयरामला हे फार आवडलं. त्याला प्रत्येक विषयावर मत होतं. पंचवटीत एका लग्नात मालेगाव स्टँडपाशी मास्तरांनी भर मिरवणुकीत बँड थांबवला आणि पुढचं गाणं कोणतं हे सगळ्यांना विचारलं. जयरामनं एक सांगितलं, दुसऱ्यानं दुसरं, सावळीरामनं भजन सुचवलं. चर्चा रंगली. घोड्याला मात्र चर्चेची सवय नव्हती. तो चालायला लागला, त्याच्या मागून वऱ्हाड गेलं, आणि नवरदेव वाजंत्रीविना मांडवात पोचला. चांदवडला मास्तर एकटेच हरवले होते. या वेळी सगळा बँड हरवला. यजमान जे बोलला ते इथं लिहिण्यासारखं नाही.

त्या दिवशी सहादू पहिल्यांदा मास्तरांच्या घरी स्वतःहून आला. आबिदानं त्याला खुर्ची दिली, तो उंबऱ्यातच बसला. त्यानं सांगितलेलं थोडक्यात असं होतं : गाणं आम्हाला विचारू नका, ते आम्हाला येतं. रस्ता विचारू नका, तो यजमान सांगतो. सुपारी घेताना तुम्ही तिथं असता आणि आम्ही नसतो. तिथं कुणीतरी एक गोष्ट विचारायला पाहिजे, आणि ती आजपर्यंत कुणी विचारलेली नाही.

"कोणती?" मास्तर म्हणाले.

"जेवायला कुठं बसवणार."

एवढ्यासाठी बँडला मास्तर लागतो, हे हवालदारानं त्यांना सांगितलं नव्हतं.

तेव्हापासून सुपारी घेताना ते हा प्रश्न विचारायला लागले. काही यजमान हसले. काहींनी दुसरा बँड केला. दिंडोरीकडच्या दोन गावांनी न्यू गुलबहारला पुन्हा बोलावलंच नाही, आणि एक पूर्ण लग्नसराई फार पातळ गेली. आबिदानं त्या वर्षी शाळेचे गणवेश शिवून घर चालवलं. ती याबद्दल काही बोलली नाही, पण कोटांची बटणं लावायची तेवढी तिनं काही दिवस बंद केली होती.

एक्क्याऐंशी की ब्याऐंशी साली नामपूरला धोंडीराम नावाच्या कांद्याच्या व्यापाऱ्याच्या मुलीचं लग्न निघालं. मोठं लग्न. धोंडीरामनं सुपारी देताना सगळ्याला मान डोलावली होती. मिरवणूक झाली, लग्न लागलं, आणि जेवायच्या वेळी बँडला नेहमीप्रमाणं मागच्या अंगाला नेलं. मास्तरांसाठी मांडवात पाट मांडला होता, भोवती रांगोळी होती. मास्तर धोंडीरामपाशी गेले आणि त्यानं दिलेल्या शब्दाची आठवण करून दिली.

"आमनाकडे तशीच रीत शे," धोंडीराम म्हणाला. तो रागावलेला नव्हता. पाऊस पडतो म्हणून सांगावं तसं सांगितलं.

मास्तर वाद घालणाऱ्यांतले नव्हते. ते वळले, लाल कोट, झुपके, काठीसकट मागच्या अंगाला गेले आणि सहादूशेजारी जमिनीवर बसले. वाढणारा आला आणि त्यांच्यासमोर थबकला. सोनेरी झुपक्यांच्या माणसाला वरून पोळी कशी सोडायची हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. तो परत गेला. थोड्या वेळानं वराकडची मंडळी उठून आली. वराचा चुलता फार तापला होता. आमच्या वरातीच्या मास्तरसाहेबांना गोठ्यापाशी बसवता म्हणजे आमचा अपमान करता, असं तो ओरडत होता. धोंडीरामला घाम फुटला. माणसं धावली, मांडवात एक सबंध पंगत मोकळी केली, आणि मास्तर एकटे उठेनात म्हणून सगळ्या बँडला हाताला धरून नेऊन बसवलं. त्या दिवशी न्यू गुलबहारची माणसं पहिल्यांदा मांडवात जेवली. धोंडीराम स्वतः बुंदी वाढत होता.

मास्तरांचा ऊर भरून आला होता. परतीच्या बसमध्ये त्यांनी सहादूला विचारलं की आज कसं वाटलं. त्यांना एखादं चांगलं वाक्य ऐकायचं होतं, हे त्यांनीच मला पुढं कबूल केलं.

सहादू खिडकीबाहेर बघत होता. "जेवण कोटाला मिळालं मास्तर," तो म्हणाला. "आम्ही त्याच्या संगती बसलो."

मास्तरांना ते लागलं. पण मग त्यांनी एक गोष्ट केली जी आजवर केली नव्हती : त्यांनी स्वतःची बाजू मांडली नाही. नाशिकला उतरल्यावर एवढंच म्हणाले की कोटाला मिळत असेल तर कोट घालूनच विचारत जाऊ, आणि घालून विचारायला काही जात नाही. सहादूनं यावर विचार केला आणि मान डोलावली. दोघांमधला हा एकच करार, आणि तो पुढं कायम टिकला. कोट फक्त यजमानासमोर. मिरवणूक सुरू झाली की कोट काढून ठेवायचा. पुढच्या लग्नाच्या आधी आबिदानं मास्तरांच्या कोटाला आतून नवं अस्तर लावलं आणि सगळ्यांची बटणं पुन्हा बघून दिली.

यानंतर बँडचं बरं चाललं, असं म्हणायला हरकत नाही. सावळीरामला मास्तरांनी घरी बसायला सांगितलं नाही. हलकं वाद्य हातात दिलं आणि त्याबद्दल गल्लीत एक अक्षर बोलले नाहीत. पिऊन आलेली पोरं वाजंत्र्यांच्या तोंडापाशी नाचायला आली की मास्तर मधे उभे राहायचे. उन्हात पाणी मागून आणायचे. घोडा, ट्रक, आडवा बैल, भांडणारे चुलते हे सगळं ते बघायचे. जयराम मात्र फार दिवस राहिला नाही. एवढंच काम असेल तर मास्तर व्हायला अवघड काय, असं त्याला वाटायला लागलं. त्यानं चार माणसं फोडली आणि नाशिकरोडला स्वतःचा बँड काढला. तो पुढं चालतो आणि मागं वळून बघत नाही, असं ऐकण्यात आलं. मास्तरांनी त्याला बोलावून समजवायचा प्रयत्न केला, पण बोलताना ते आपल्याच चुका इतक्या आवडीनं सांगत होते की जयराम मधूनच उठून गेला.

मिरवणूक चालू असताना रिकाम्या हातानं राहणं मास्तरांना जमेना. वाजवायला काहीतरी पाहिजे होतं आणि दात नव्हते. म्हणून त्यांनी झांज घेतली. सगळ्यांच्या मागं, घोड्याच्या तोंडापाशी, साध्या सदऱ्यात ते झांज वाजवत चालायचे आणि चेहऱ्यावर एक समाधान असायचं. मी मागं चालतो, असं ते भेटेल त्याला सांगायचे. पुढं चालायच्या काळात त्यांनी पुढं चालण्याबद्दल कधी इतकं सांगितलं नव्हतं.

अठ्ठ्याऐंशी साली माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न झालं. बँड दुसरा कुणाचा असणार. आमच्याच गल्लीतून मिरवणूक निघाली, मी व्यवस्था बघत बाजूनं चालत होतो, आणि तेव्हा माझ्या कानाला पहिल्यांदा जाणवलं. झांज तालाच्या जरा आधी पडत होती. फार नाही, केसभर. पण प्रत्येक वेळी. आणि विचित्र म्हणजे गाणं बिघडत नव्हतं.

पंगत आमच्या अंगणात होती. बँड सगळा पहिल्या पंगतीला बसला, मास्तर कोट घालून वाढणाऱ्यांवर देखरेख करत होते. मी सहादूच्या पानावर जिलबी ठेवली आणि हळूच विचारलं, झांज लवकर पडते ना.

"पडते की," तो म्हणाला. "मग आम्ही सगळेच जरा लवकर धरतो."

मी म्हटलं, मास्तरांना सांगत का नाही. आता तर ते रागावणारही नाहीत. उलट माफी मागतील.

"म्हणून तर," सहादू म्हणाला. मग त्यानं पलीकडं बघितलं. मास्तर एका वाढप्याला सांगत होते की वाकून वाढ, वाकून. सहादूनं जिलबीचा तुकडा मोडला. "आधी आम्ही भीतीनं सांगत नव्हतो."

तो जेवायला लागला. मास्तर आमच्याकडं येत होते, जिलबी पुन्हा हवी का विचारायला.